ओझं न उचलणारे खांब

खांबाचं काम काय? वरचं ओझं खाली जमिनीला नेऊन देणं. हे मला कोणा इंजिनिअरने शिकवलं नाही. राईस मिलमध्ये पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेतला की ओझं मणक्यातून, मांडीतून, टाचेतून कसं जमिनीत उतरतं ते अंगालाच कळतं. टाच चुकली की माणूस गेला. तेव्हा दोस्तांनो, खांब या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजतो. आर्किटेक्टची पदवी नाही तर नाही.

ओझं न उचलणारे खांब मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्याच भागातल्या एका शेठच्या बंगल्यात. पावसाळ्यात मिलचं काम मंदावतं. भरडाईचे ट्रक थांबतात. मग हमाल माणूस रोवण्याला जातो, सेंट्रिंगवर जातो, मिळेल ते करतो. मी दोन पावसाळे एका पीओपीवाल्या ठेकेदाराच्या हाताखाली गेलो. शेठचं नाव लिहीत नाही. नावात काही नाही, असे बंगले आता तुमच्याही तालुक्यात दोन-चार उभे असतील. आत मोठा हॉल, हॉलच्या चार कोपऱ्यांत चार खांब. गोल, पांढरेफेक, उभ्या खाचांचे, डोक्यावर पानांचा गुच्छ. ठेकेदार त्याला ‘रोमन पिलर’ म्हणायचा, कॅटलॉगात ‘कोरिंथियन’ छापलं होतं. छताला भिंतीच्या कडेने नक्षीची पट्टी, म्हणजे कॉर्निस. मधोमध पीओपीचं गोल फूल, फुलातून लोंबणारं झुंबर. भिंतीवर पट्ट्यांच्या चौकटी, आणि चौकटीत काहीच नाही. जिन्याजवळ एका कुरळ्या केसांच्या गोऱ्या माणसाचं अर्धं धड. हा कोण, हे शेठलाही ठाऊक नव्हतं. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, “सेटमध्ये आला.”

पहिला खांब उचलायला आम्ही चौघे पुढे झालो. ठेकेदार हसला. “एक जन पुरे हाये बे. आतून खाली हाये तो. दाबू नको, फुटन.” दोन अर्धगोल साचे. समोरासमोर उभे करायचे, जोड पुट्टीने बुजवायचा, वर रंग मारायचा. छताचं खरं ओझं भिंतीत गाडलेल्या चौकोनी, खरखरीत, सळईच्या खांबांवर. त्यांच्यावर प्लास्टर फिरवून त्यांना बेपत्ता केलेलं. उचलणारा भिंतीत, न उचलणारा हॉलमध्ये. मला हसू पण आलं आणि कुठेतरी लागलं पण.

दुपारी पाणी मागितलं. आता कोणी वेगळा गिलास ठेवत नाही, जमाना बदलला. आता डिस्पोजल गिलास आहेत. घरच्यांना काचेचे, आम्हाला कागदाचे. धुवायचा प्रश्न नाही, विटाळाचा प्रश्न नाही, ॲट्रॉसिटीचा तर नाहीच. प्यायचं आणि चुरगाळून फेकायचं. कोणी विचारलंच तर स्वच्छता.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. सिहोऱ्यात आमच्या वस्तीत विहाराच्या हॉलचं काम निघालंय. वर्गणी जमली आहे. मजुरी करणाऱ्यांची वर्गणी आहे, दहा-दहा, वीस-वीसची. आणि त्याच ठेकेदाराचा तोच कॅटलॉग आमच्या कमिटीपुढे येऊन पडलाय. ‘भव्य दिसलं पाहिजे’ असं पोरांचं म्हणणं आहे. म्हणून मी हे खांब कुठून आले याच्या मागे लागलो. वाचनालयातली पुस्तकं, मोबाईल, रात्रपाळीनंतरची झोपमोड. सापडलं ते मांडतो.

युरोपात इटलीमध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली दोन जुनी रोमन शहरं गाडली गेली होती. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई खोदायला घेतलं. घरं, भिंती, चित्रं, खांब बाहेर आले. तिथल्या श्रीमंतांना वेड लागलं. आपण त्या जुन्या ग्रीक-रोमनांचे वारस, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग दिवाणखाने तसे सजू लागले: खांब, पानं, हार, कलश, पांढरे पुतळे. याला पुढे निओक्लासिकल म्हणजे नव-अभिजात असं नाव पडलं. ‘अभिजात’ शब्द नीट वाचा. चांगल्या कुळात जन्मलेला. मराठीत हा शब्द कोणी बसवला मला माहीत नाही, पण त्याने न बोलता सगळं बोलून टाकलं. खोलीलाही कूळ लागतं! काल पैसा आलेल्या माणसाला घर असं हवं असतं की ते दोन हजार वर्षांपासून इथंच उभं आहे असं वाटावं. पैसा कुठून आला, हे विचारायची पाळीच येऊ नये.

आणि गंमत अशी की ती जुनी घरं, ती देवळं, ते पुतळे पांढरे नव्हतेच. ग्रीक लोक पुतळे रंगवायचे. निळा, लाल, पिवळा, सोनेरी. आपल्या जत्रेतल्या मूर्तींसारखे भडक. दोन हजार वर्षांच्या ऊन-पावसात, मातीत रंग उडाला आणि युरोपातल्या पंडितांनी उडालेल्या रंगालाच सौंदर्य ठरवलं. विंकेलमान नावाच्या जर्मन पंडिताने १७६४ मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. शरीर जितकं पांढरं तितकं ते अधिक सुंदर, अशा अर्थाचं त्यात लिहून ठेवलं. पुढे दगडांवर रंगाचे अंश सापडत राहिले, तरी पांढऱ्याचं वेड गेलं नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सहून आणलेली शिल्पं १९३७-३८ मध्ये तांब्याच्या हत्यारांनी खरवडली, का तर नव्या दालनात ती पांढरी दिसावीत. दगडाची कातडी सोलली, पांढरेपणा मिळवला. गोऱ्यांनी आधी स्वतःच्या कातडीला मोठं केलं, मग तीच कातडी दगडाला चढवली. आपल्याकडे याला शुद्धी म्हणतात. शुद्ध म्हणजे ज्याच्यावर कामाचा डाग नाही.

आता पैसा. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला हेअरवुड हाउस नावाचा वाडा आहे. १७५९ ते १७७१ या काळात बांधला. आतली सजावट रॉबर्ट ॲडमची. या पद्धतीतला हा सगळ्यात गाजलेला माणूस. छतावरचं चुन्याचं नाजूक काम पाहून लोक अजून तोंडात बोट घालतात. वाडा लॅसेल्स घराण्याचा. घराण्याचा पैसा बार्बाडोसच्या साखरेचा आणि गुलामांच्या व्यापाराचा. उसाच्या मळ्यात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं मरत होती आणि त्यांच्या घामाची साखर छताला फुलं होऊन चिकटत होती.

अमेरिकेचा थॉमस जेफरसन तुम्हाला माहीत आहे. सगळी माणसं समान जन्मतात, असं १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारा. हा माणूस हौशी आर्किटेक्टही होता. माँटिसेलो हे त्याचं टेकडीवरचं घर. खांब, घुमट, सगळं रोमन वळणाचं. आयुष्यभरात त्याच्या मालकीची सहाशेच्या वर गुलाम माणसं होती. त्याच्या जेवणघराची रचना मी वाचली आणि पाणी प्यायला उठलो. शेकोटीच्या दोन्ही बाजूंच्या सजावटीत लहान पाळणे लपवलेले. खाली तळघरात गुलाम बाटली ठेवणार, दोरी ओढणार, वर बाटली आपोआप हजर. जेवणघराला एक फिरता दरवाजा, त्याच्या एका अंगाला फळ्या. पलीकडून गुलामाने ताटं ठेवायची, दार फिरवायचं, इकडे ताटं येणार. वाढणारा दिसत नाही. पाहुणे समानतेवर गप्पा मारताहेत आणि समानतेच्या गप्पांत कोणा काळ्या माणसाचं तोंड आड येत नाही.

दिसला की नाही कागदाचा गिलास?

आपल्याकडे हेच दुसऱ्या रूपात आलं. साहेबाच्या बंगल्यात, कचेरीत छताला कापडाचा मोठा पंखा. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात. व्हरांड्यात पंखेवाला बसून दोरी ओढतोय, कधी पायाला बांधून. आत फक्त वारा. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा घ्या, शिंद्यांचा, म्हणजे आपल्या मराठी माणसांचाच. १८७४ मध्ये पुरा झाला. दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं, एकेक साडेतीन टनांचं. छत टिकेल का हे पाहायला हत्ती वर चढवले, असं तिथं अभिमानाने सांगतात. (हत्तीचं नाव निघतं, उतरण बांधणाऱ्याचं निघत नाही.) आणि जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी. रुळावरून फिरत दारू, सिगार घेऊन येते, पाहुण्याने बाटली उचलली की थांबते. टेबलावर वाढणाऱ्याच्या हाताची सावलीसुद्धा नको. जेफरसन आणि शिंदे एकमेकांना भेटले नाहीत, पण डोकं एकाच दिशेने चाललं.

इंग्रजांनी हिंदुस्थानात खांब आणले ते राज्य करायला. कलकत्त्याचा गव्हर्नरचा वाडा १८०३ मध्ये झाला, इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलच्या नकाशावरून. मुंबईचा टाउन हॉल १८३३ चा. बाहेर ग्रीक पद्धतीचे डोरिक खांब, पायऱ्यांची मोठी रांग, आत गव्हर्नरांचे संगमरवरी पुतळे. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तिथंच. नाना शंकरशेटांचाही पुतळा तिथं आहे, म्हणजे आपल्यातल्या सावकार-शेठांना त्या पांढऱ्या रांगेत जागा मिळाली. सगळीकडे संगमरवर परवडत नव्हता. मद्रास, कलकत्त्याकडे विटांचे खांब बांधून त्यावर शिंपल्यांचा चुना घोटायचे, इतका घोटायचे की संगमरवर वाटावा. घोटणारे हात कोणाचे असतील ते तुम्हाला सांगायला नको. आज चुन्याच्या जागी जिप्सम आलंय. राजस्थानच्या खाणीतलं जिप्सम, भाजून दळून पोत्यात. ते घासताना उडणारी भुकटी छातीत बसते. मिलमध्ये कोंड्याची धूळ, बंगल्यात पीओपीची धूळ. माझी छाती दोन्ही ओळखते.

नागपूरला उच्च न्यायालयाची जुनी इमारत आहे, सिव्हिल लाइन्समध्ये. हेन्री मेड या इंग्रजाने काढलेली. तो नव्या दिल्लीच्या बांधकामात काम केलेला. १९४० मध्ये उद्घाटन झालं. खांब, घुमट, दगड. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका माणसाच्या जमिनीच्या केससाठी त्याच्या सोबतीला मी तिथं गेलो. सोबतीचा माणूस म्हणजे आमचा काका लागतो, पंचायतीत मोठ्या आवाजात भांडणारा गडी. पायऱ्या चढला आणि त्याने चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “काका, चपला घाल, हे का देऊळ हाये का?” तो म्हणाला, “मले वाटलं हाये.” इमारत बरोब्बर तेच सांगते. उंची कमी होते ती आपली. आवाज कमी होतो तो आपला. वकिलाचा होत नाही.

त्याच व्हरांड्यात मला खैरलांजी आठवली. आमच्याच जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. कळलं एवढंच की घरातले मोठे बोलायचे थांबले, आणि माय रात्री दाराला आतून लाकूड लावायला लागली. पुढे मोठेपणी वाचलं. भोतमांगे कुटुंबाकडे शेती होती, पोरं शिकत होती, आणि राहायला कच्चं झोपडं. पक्कं घर बांधायला गावातून अडथळा होता, असं सत्यशोधन अहवालांत आलंय. म्हणजे बघा, शेठच्या हॉलमध्ये बिनकामाचे चार खांब चालतात, आणि यांच्या घराला कामाची एक भिंत चालत नाही. इंटिरियर, डेकोरेशन हे विषय आपले नाहीत असं ज्याला वाटतं त्याने यावर जरा थांबावं. घर कसं असावं हा या देशात मारामारीचा विषय आहे, जीव जाईपर्यंतचा.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली. फाशी हवी की नको या वादात मी इथं पडत नाही. माझं दुखणं दुसरं आहे. दोन्ही ठिकाणी ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला गेला नाही. जात दिसली नाही. मला तेव्हा शेठच्या भिंतीत गाडलेला चौकोनी खांब दिसला. सगळं छत त्याच्यावर, आणि वर प्लास्टर इतकं गुळगुळीत की हात फिरवला तरी कळू नये. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. या पायऱ्या तेही चढले असतील. चपला काढल्या होत्या का, ते विचारायला आता माणूस नाही.

न्यायाच्या घरात सजावट म्हणून काय ठेवतात हेही बघत जा. जयपूरच्या हायकोर्टाच्या आवारात १९८९ मध्ये मनूचा पुतळा बसवला. संविधानाने चालणाऱ्या कोर्टात मनू! ऑक्टोबर २०१८ मध्ये औरंगाबादकडून दोन बाया तिथवर गेल्या आणि त्याला काळं फासून आल्या. त्याच देशात सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात २०२३ च्या संविधान दिनी बाबासाहेबांचा पुतळा बसला, आणि २०२४ मध्ये न्यायाधीशांच्या ग्रंथालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती आली. डोळ्यांवरची पट्टी काढलेली, तलवारीच्या जागी संविधान, अंगावर साडी. रंग मात्र पांढराच. पट्टी निघाली हे चांगलंच झालं, पण डोळ्यांना दिसतं काय ते निकालात वाचायचं.

भिंतीवरच्या फोटोंचंही तसंच. दिल्लीच्या जुन्या संसद भवनाला बाहेरून १४४ खांब. त्याच्या मध्यवर्ती सभागृहात संविधान सभा बसली. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडला तो बाबासाहेबांनी. त्याच सभागृहात पुढाऱ्यांची तैलचित्रं लागली. बाबासाहेबांचं चित्र कधी लागलं? १२ एप्रिल १९९० ला. ज्याने घर लिहिलं त्याला घराच्या भिंतीवर जागा मिळायला चाळीसहून जास्त वर्षं. आणि आमच्या घरात? आमच्या घरातलं इंटिरियर म्हणजे दोन फोटो. बुद्ध आणि बाबासाहेब. भिंत मातीची असो, टिनाची असो, फोटो पहिल्या दिवशी लागतो. चूल नंतर. तुमच्यापैकी कितीतरी जण नोकरीसाठी शहरात भाड्याच्या खोलीत राहिले असतील. घरमालक ‘सहज’ डोकावायला येतो आणि त्याची नजर कुठे जाते? पलंगावर नाही, भांड्यांवर नाही. खिळ्यावर. मला एकाने तिसऱ्या दिवशी सांगितलं, ‘पुतण्या येणार आहे, खोली पाहिजे.’ पुतण्या अजून यायचाच आहे. सजावटीला सामाजिक अर्थ असतो हे कळायला आपल्याला कोणत्या कॉलेजात जावं लागत नाही.

आता दुसरी बाजू, कारण कमिटीतल्या पोरांनी ती माझ्या तोंडावर मारली आणि ती हलकी नाही. एक जण म्हणाला, “दादा, त्यायच्या घरी लावते तर आमच्या विहारात कावून नाई? आमी जिंदगीभर टिनाखालीच बसावं का? साधेपना त्यायनं आमाले शिकवावा?” खरं आहे. चांगलं घर, चांगले कपडे, कोट-टाय, हे बाबासाहेबांनी अंगावर घेतलं ते हौस म्हणून नव्हे. ज्याला नेसायला जुनेर आणि खायला शिळं असा कायदाच लिहून ठेवला होता त्याने इस्त्रीचा कोट घालणं हा त्या कायद्याला दिलेला जबाब होता. आणि खांबांखाली तर ते स्वतः बसले! १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. तेव्हाचं तिथलं मुख्य ग्रंथालय म्हणजे लो लायब्ररी, १८९७ मध्ये उघडलेली. समोर ग्रीक खांबांची ओळ, वर घुमट, आत घुमटाखाली वाचनाची गोल खोली. पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमची वाचनखोली, तिच्यासमोरही खांबच खांब. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलेला पोरगा त्या घुमटाखाली मधोमध बसला आणि पुस्तक मागितलं तर पुस्तक मिळालं. जात विचारली नाही. खांबाला दोष देऊन मी कसा मोकळा होऊ?

आणि खांबही नुसते त्यांचे नाहीत. गांधारात, म्हणजे आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानकडे, ग्रीक वळणाचे खांब बौद्धांनी घेतले. तोच पानांचा गुच्छ. फक्त पानांच्या मधोमध बुद्ध बसलेला. कार्ल्याच्या चैत्यात जा. खांबांवर ब्राह्मीत नावं कोरली आहेत, दान देणाऱ्यांची. त्यात धेनुकाकटचे यवन आहेत, म्हणजे ग्रीक. सुताराचं नाव आहे, दाराचं काम त्याचं. अत्तरविक्याचं नाव आहे. कार्ल्याचे खांबसुद्धा डोंगरातूनच कोरलेले, वरच्या छताच्या लाकडी फासळ्या तर निव्वळ शोभेच्या, हे मी लपवत नाही. शोभा वाईट असं मी म्हणतच नाही. पण तिथं सुतार दिसतो. दोन हजार वर्षं झाली तरी दिसतो.

कार्ला लांब आहे म्हणाल तर पवनीला जा, आपल्याच जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. १९६९-७० मध्ये तिथं जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं आणि मोठा स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या खांबांवर कोरीव काम, एकावर मुचलिंद नाग, आणि ब्राह्मीत देणाऱ्यांची नावं. सिहोऱ्याच्या किती पोरांनी पवनी पाहिली? रोमन पिलरचा भाव तोंडपाठ आहे, पवनीच्या बसचा वेळ माहीत नाही. मी पण गेल्या वर्षीच गेलो. टेकडीवर फार काही उभं नाही. गवत आहे, विटा आहेत. तरी तिथं मला चपला काढाव्या वाटल्या आणि मी काढल्या.

गेल्या रविवारी कमिटी बसली. मी माझं हे सगळं बोललो, थोडं जास्तच बोललो. खांब घ्यायचे नाहीत असं मी म्हणालो नाही. पोकळ खांब घ्यायचे नाहीत, एवढं म्हणालो. जे खांब छत उचलतात तेच उघडे ठेवू, घासून गुळगुळीत करू, हवं तर रंगवू. निळा रंगवू. प्रत्येकावर नावं लिहू. वर्गणी देणाऱ्यांची तर लिहूच, पण सेंट्रिंगवाल्याचं, गिट्टी वाहणाऱ्या बायांचं, मिस्त्रीचं पण लिहू. पीओपीचे पैसे भिंतीतल्या कपाटांना घालू. पोरगा उठला आणि म्हणाला, “अन् झुंबर?” सगळे हसले. मग वादाला तोंड फुटलं. एक म्हणतो नावं लिहिली तर भांडणं होतील, कोणाचं आधी कोणाचं नंतर. एक म्हणतो शेजारच्या गावच्या विहाराला पिलर लागले, आपली इज्जत जाते. महिला मंडळातली आजी इतका वेळ गप्प होती. कॅटलॉग तिच्या मांडीवर होता, ती पानं उलटून रायली होती, चश्मा नाकावर. ती म्हणाली, “पोराहो, खांब पांढरा करा का निळा करा. पानी आलं का पोरीयची अभ्यासिका बंद रायते, ते पाहा आधी. अन् बायायले मोरीकडून मागच्या दारानं कायले आत जा लागते हो आपल्या विहारात? समोरचं दार का फक्त पाहुन्याले हाये का?”

याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, माझ्याकडेही नाही. नकाशात भांडी आणि चहा मागच्या बाजूला, म्हणून बायांचं येणं-जाणं तिकडून, असं आपोआप झालंय. कोणी ठरवलेलं नाही. जेफरसनचं फिरतं दार मी इतक्या लांबून शोधून आणलं, आणि आजीने ते सिहोऱ्यात दाखवलं. नकाशा बदलायचा तर मिस्त्री म्हणतो पाया झालाय, आता मोरी हलत नाही. पण चहाची खोली पुढे घेता येते का, हे पाहायला तो बुधवारी टेप घेऊन येणार आहे. ठेकेदाराचा दोनदा फोन येऊन गेला, ॲडव्हान्स मागतो. कॅटलॉग परत पाहिजे म्हणतो. मी त्याला सांगितलं, आजीकडे आहे, मागून घे.